मार्था पॅटरसन : व्हाइट हाऊसमधे पहाटे उठून दुधावरची साय काढणारी राष्ट्राध्यक्षाची लेक

केवडा

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही टेनेसीत नॉक्सव्हिलला राहतो. गेल्या महिन्यात आईबाबा आले होते, स्मोकी माउंटन्स झाले, धबधबे झाले, मग एक शनिवार मोकळा होता म्हणून ग्रीनव्हिलला गेलो, आमच्याकडनं सव्वा तासावर आहे. अँड्र्यू जॉन्सनचं गाव. लिंकनचा खून झाल्यावर जो १७वा राष्ट्राध्यक्ष झाला तो. त्याचं शिंप्याचं दुकान तिथे अजून आहे, दुकानाभोवतीच म्युझियमची इमारत बांधून काढलीय, आणि थोडं पुढे मेन स्ट्रीटवर त्यांचं राहतं घर. मी गेले होते जॉन्सनसाठी आणि परत आले ती त्याच्या थोरल्या लेकीला डोक्यात घेऊन. मार्था तिचं नाव, लग्नानंतर मार्था पॅटरसन.

थोडक्यात कुटुंब सांगते. जॉन्सन शाळेत एक दिवससुद्धा गेला नव्हता, लहानपणीच शिंप्याकडे कामाला ठेवलेला. १८२७ साली एलायझाशी लग्न झालं, लिहिणं आणि हिशेब पक्के करायला तिनेच मदत केली. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८२८ला मार्था झाली, पाच भावंडांत थोरली. बाप शिवता शिवता राजकारणात शिरला, १८४३ला वॉशिंग्टनला खासदार म्हणून गेला, आणि मार्था तिथे जवळच जॉर्जटाउनच्या शाळेत होती. तेव्हा पोल्क राष्ट्राध्यक्ष होते, ते नवराबायको या शिंप्याच्या पोरीला सुट्टीत व्हाइट हाऊसवर बोलवायचे. म्हणजे पुढे ज्या घराची ती यजमानीण झाली ते घर तिने शाळकरी वयात पाहुणी म्हणून बघितलेलं होतं. १८५५ला डेव्हिड पॅटरसन नावाच्या न्यायाधीशाशी लग्न, मग एक मुलगा एक मुलगी.

मग यादवी युद्ध. टेनेसी राज्य दक्षिणेकडे गेलं पण जॉन्सन संघराज्याच्या बाजूने उभा राहिला, त्यामुळे स्वतःच्याच मुलखात गद्दार ठरला. १८६२मधे एलायझाला घर सोडून जायचा हुकूम निघाला, ३६ तासांची मुदत. ती क्षयाने आजारी, तब्येतीचं कारण देऊन थोडे महिने काढले पण शेवटी निघावंच लागलं. ते घर सैनिकांनी वापरलं, आज तिथे एका खोलीत भिंतीचा तुकडा तसाच ठेवलाय, त्यावर सैनिकांनी खरडून ठेवलेलं आहे. त्या युद्धात मार्थाचा एक भाऊ घोड्यावरून पडून गेला, १८६३ला. १८६४च्या डिसेंबरात धाकट्या बहिणीचा, मेरीचा, नवरा गेला, पदरात तीन मुलं.

आणि एप्रिल १८६५. लिंकनवर गोळी झाडली त्याच रात्री जॉन्सनलाही मारायचा कट होता, त्या माणसाला धीर झाला नाही म्हणून वाचला. मार्था तेव्हा आईजवळ नॅशव्हिलला. बातमी कळल्या कळल्या तिने बापाला पत्र लिहिलं, त्यात पहिला प्रश्न हा की तुम्ही सुखरूप आहात ना, सुरक्षित वाटतंय ना. वडील राष्ट्राध्यक्ष झाले त्या दिवसाचं मुलीचं पत्र हे असं आहे.

त्या ऑगस्टमधे सगळं कुटुंब व्हाइट हाऊसमधे आलं. नवराबायको, मार्था आणि तिचा नवरा, विधवा मेरी, दोन भाऊ आणि पाच नातवंडं. बारा माणसं. एलायझा वरच्या मजल्यावर नवऱ्याच्या ऑफिससमोरच्या खोलीत गेली आणि जवळजवळ चार वर्षं त्या खोलीतच राहिली. खाली जेवणावळी, स्वागत समारंभ, परदेशी राजदूत, सिनेटर, त्यांच्या बायका, हे सगळं मार्थाने बघायचं. मदतीला मेरी.

आता इथे माझी आई येते. गाइड हे सांगत होता, मी आईला मराठीत सांगत होते. आई एकदम थांबली. म्हणाली, वरचा खोकला खाली ऐकू येत असेल गं. मला पटकन कळलंच नाही. मग गाडीत बसल्यावर तिने सांगितलं. माझे आजोबा संगमनेरजवळच्या एका गावात सरपंच होते, आजीला क्षय झाला तेव्हा आई नववीत, शाळा सुटली ती सुटलीच. माडीवर आजी, खाली बैठकीत तालुक्याची माणसं, आणि आई सोळा-सतरा कप चहा घेऊन. गाळणीचा आवाजसुद्धा होऊ द्यायचा नाही कारण वर आजीला नुकती झोप लागलेली असायची. हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं, मी ४१ वर्षांची आहे.

तर मला असं वाटतं, आणि मी हे मनापासून लिहितेय, की अशा बायकांना आपण "आईच्या जागी उभी राहिली" एवढं एक वाक्य देतो आणि पुढे जातो. मार्थाने तिथे काय काम केलं ते नीट सांगायला हवं. तुम्हाला ऐकायचं असेल तर पुढच्या प्रतिसादात लिहिते, मुलाला क्लासला सोडून येते.

रानपाखरू

केवडा, लिही गं लवकर. तो गाळणीचा आवाज मला इथे ऐकू आला. आईंना माझा नमस्कार सांग.

इतिहासवेडा

छान सुरुवात. एक भर घालतो, असं मुलीने घर सांभाळणं तिकडे तेव्हा अगदीच नवं नव्हतं. जेफरसन विधुर होता, त्याची मुलगी (तिचंही नाव मार्थाच) १८०२ आणि १८०५च्या हिवाळ्यात येऊन राहिली, आणि १८०६ला तिला तिथे मुलगा झाला, व्हाइट हाऊसमधे जन्मलेलं ते पहिलं मूल. झॅकरी टेलरची बायको समारंभांना खाली येत नसे म्हणून मुलगी बेटी ब्लिस पुढे. नंतर १९०९ला टॅफ्टच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मुलगी हेलन कॉलेज बाजूला ठेवून आली, पुढे तिने इतिहासात डॉक्टरेट केली आणि ब्रिन मॉर कॉलेजची डीन झाली. विल्सनची बायको १९१४ला वारली, मग थोरली मार्गारेट. बुकॅननचं लग्नच झालेलं नव्हतं, तिथे भाची. पण बाकीच्यांवर पार्ट्या, ड्रेस, पाहुण्यांची यादी असं बरंच वाचायला मिळतं, मार्थाबद्दल मला गायींच्या पलीकडे काही माहीत नाही. येऊ द्या.

मुक्काम पोस्ट आजरा

गायी?? ताई गायींचं आधी सांगा.

केवडा

आले. गायींचं सांगते पण आधी घर.

लिंकन गेल्यावर त्याची बायको दुःखाने इतकी कोसळली होती की पाच आठवडे खोलीबाहेर पडली नाही. जॉन्सनने तिला जा म्हटलं नाही, तोवर ट्रेझरीच्या इमारतीतून कारभार केला. या काळात खालच्या मजल्यावर कुणाचं लक्ष नव्हतं. लोक येत होते आणि आठवण म्हणून पडद्यांचे, गालिच्यांचे तुकडे कापून नेत होते, भांडी उचलून नेत होते. त्याआधी युद्धाच्या सुरुवातीला ईस्ट रूममधे सैनिकच मुक्कामाला होते. म्हणजे मार्थाच्या हातात आलं ते फाटकं, मळलेलं, पोपडे आलेलं घर, आणि देशभरातून माणसं येणार ती याच घरात.

पहिला मोठा समारंभ १ जानेवारी १८६६चा, नववर्षाचा. त्या दिवशी व्हाइट हाऊसमधे कुणीही यावं आणि राष्ट्राध्यक्षाचा हात हातात घ्यावा अशी पद्धत होती. नवे गालिचे घ्यायला पैसे मंजूर नव्हते. मार्थाने काय केलं, जुन्या फाटक्या गालिच्यांवर पांढरी मलमल पसरून ताणून बसवली, आणि खोल्या फुलांनी भरल्या. हे वाचल्यावर मला आपल्याकडे लग्नघरी गादीची फाटकी बाजू खाली करून वर स्वच्छ चादर घालतात ते आठवलं. सगळ्या घरांतल्या सगळ्या बायकांना हे येतं, फक्त तिला ते सगळ्या वॉशिंग्टनसमोर करावं लागलं.

मग संसदेने दुरुस्तीसाठी ३०,००० डॉलर दिले. तेवढ्या पैशात एवढं मोठं घर उभं करायचं म्हणजे खेळ नाही. तिने काम कंत्राटदारावर सोडलं नाही, स्वतः उभं राहून रंग, कागद, गाद्यागिरद्या, सगळं करून घेतलं. त्या वेळच्या मंडळींनी, जे तिच्या बापाचे शत्रू होते त्यांनीसुद्धा, घर पुन्हा घरासारखं झालं हे मान्य केलं.

वॉशिंग्टनच्या उच्चभ्रू बायका आधी हसायला टपलेल्या होत्या, शिंप्याची मुलगी काय यजमानपण करणार म्हणून. त्यावर तिचं एक बोलणं प्रसिद्ध आहे, की आम्ही टेनेसीच्या डोंगरातली साधी माणसं, देशावर संकट आलं म्हणून थोड्या दिवसांसाठी इथे बोलावलं गेलोय, आमच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मी हे दोनतीनदा वाचलं. मला त्यात लाचारी दिसत नाही. आधीच सांगून टाकलं की आम्ही कोण आहोत, म्हणजे पुढे कुणी त्यावरून टोमणा मारायला जागाच राहिली नाही. कपडेही तसेच, गळाबंद, गडद, साधे पण चांगल्या कापडाचे.

आणि गायी. व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर तिने दोन जर्सी गायी आणून बांधल्या. पहाटे उठायची, साध्या कपड्यावर एप्रन चढवायची आणि दूधघरात जाऊन दुधावरची साय स्वतः काढायची. घरात पाच मुलं आणि वर क्षयाची आई, ताजं दूध आणि लोणी घरचंच. मग वर जाऊन आईचं बघायचं, आणि दुपारी बग्ग्या यायला लागल्या की तीच बाई दिवाणखान्यात.

मुक्काम पोस्ट आजरा

ताई, आमच्याकडे जर्सीच आहेत, सध्या चार. म्हणून थोडं लिहितो. जर्सीच्या दुधाला फॅट चांगली, डेअरीत आमच्या दुधाला त्यामुळे दर बरा मिळतो. दूध पिवळसर दिसतं, साय जाड. तेव्हा मशीन नव्हतं म्हणजे दूध काढून पसरट भांड्यात गार जागी ठेवून द्यायचं, साय वर येऊ द्यायची, मग चपट्या पळीने हलक्या हाताने काढायची. हात जरा जड पडला की साय मोडते आणि दुधात मिसळते, परत वर यायची वाट बघा. माझी आई हे काम कुणालाही करू देत नाही, सुनेलासुद्धा दोन वर्षांनी हात लावू दिला. त्यामुळे घरात एवढे नोकर असताना ती बाई हे स्वतः करायची यात मला काही नवल वाटत नाही. ज्याला दूध कळतं तो ते दुसऱ्यावर सोडत नाही. आणि दुसरं म्हणजे पहाटेची ती वेळ एकट्याची असते, गोठ्यात कुणी काही मागायला येत नाही. दिवसभर लोकांत राहणाऱ्या माणसाला ती वेळ लागते.

रानपाखरू

आजरेकर, शेवटच्या दोन ओळींसाठी खूप आभार.

जुना वकील

धागा आवडला. महाभियोगाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण मार्थाच्या गोष्टीत तो फार जवळून येतो.

१८६७च्या कायद्याप्रमाणे सिनेटच्या संमतीशिवाय राष्ट्राध्यक्षाला काही अधिकारी काढता येत नव्हते. जॉन्सनने २१ फेब्रुवारी १८६८ला युद्धमंत्री स्टँटनला काढलं. स्टँटन ऑफिसातच दार लावून बसला. २४ तारखेला प्रतिनिधीगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला, अमेरिकेच्या इतिहासात राष्ट्राध्यक्षावरचा पहिला. खटला सिनेटसमोर, गॅलरीत बसायला तिकिटं काढली होती इतकी गर्दी. १६ मे १८६८ला मतदान झालं, दोषी ३५, निर्दोष १९. दोनतृतीयांश म्हणजे ३६ हवी होती. एका मताने सुटला.

आता बघा. त्या १९ जणांत टेनेसीचा सिनेटर डेव्हिड पॅटरसन आहे. म्हणजे मार्थाचा नवरा. जावई सासऱ्याच्या खटल्यात न्यायाधीश म्हणून बसला होता. आज कुठल्याही कोर्टात हे चालणार नाही, मी ३४ वर्षं वकिली केली, साक्षीदाराच्या मावसभावापुढे मॅटर लागलं तरी आम्ही अर्ज द्यायचो. पण दुसऱ्या बाजूलाही तेच होतं, उपराष्ट्राध्यक्षपद रिकामं असल्याने जॉन्सन गेला असता तर सिनेटचा हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड राष्ट्राध्यक्ष झाला असता, आणि त्या वेडनेही मत दिलं, दोषी म्हणून.

मी हिशेब करून बघितला. पॅटरसन बाजूला बसला असता तर ५३ जण उरतात, त्याचे दोनतृतीयांश ३५.३३, म्हणजे तरी ३६च लागली असती. जॉन्सन सुटलाच असता. पण पॅटरसनने दोषी म्हटलं असतं तर गेला असता. सगळे कॅन्ससचा सिनेटर रॉस याचं मत निर्णायक म्हणतात, तसं पाहिलं तर एकोणीसच्या एकोणीस मतं निर्णायक होती, आणि त्यातलं एक मार्थाच्या घरातून सकाळी नाश्ता करून गेलं होतं.

केवडा

वकीलकाका, हा हिशेब मी कुठेच वाचला नव्हता. आणि नाश्त्याचं तर डोळ्यासमोर आलं. म्युझियममधे त्या खटल्याचं तिकीट छापून हातात देतात आणि तुम्हालाच मत टाकायला सांगतात. बाबांनी निर्दोष टाकलं, मी दोषी. त्यावर परत येताना गाडीत वाद झाला आमचा.

त्या तीन महिन्यांत मार्थाने एकही ठरलेला समारंभ रद्द केला नाही. दारात उभी, चेहरा शांत, आणि ज्यांचे नवरे तिच्या बापाला काढायला बघत होते त्या बायकांशी नीट बोलत होती. मतदानाच्या दिवशी क्रुक नावाचा घरचा अंगरक्षक कॅपिटॉलवरून व्हाइट हाऊसपर्यंत पळत आला, आधी राष्ट्राध्यक्षाला सांगितलं, त्याच्या डोळ्यात पाणी आलं. मग क्रुक वर एलायझाच्या खोलीत गेला. ती खुर्चीत शिवत बसली होती, उठली, त्याचा हात धरला आणि म्हणाली मला माहीतच होतं. हे सगळं क्रुकनेच पुढे लिहून ठेवलंय. मार्था त्या क्षणी कुठे होती ते तो लिहीत नाही. मला हीच गोष्ट लागते.

चांदणवेल

मला थोडं वेगळं म्हणायचंय, केवडा रागावू नकोस.

मार्थाबद्दल तू लिहिलंस ते सुंदर आहे पण तिच्या वडिलांनी त्या घरातून काय केलं तेही इथे यायला हवं. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना नागरिक म्हणून हक्क देणारा कायदा १८६६ला संसदेने केला, जॉन्सनने त्यावर व्हेटो टाकला, एप्रिलमधे संसदेने तो व्हेटो ओलांडून कायदा केला. हेच नागरिकत्व घटनेत घालणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीलाही त्याचा विरोध. फेब्रुवारी १८६६ला गुलामीविरुद्ध लढणारा काळा पुढारी फ्रेडरिक डग्लस आणि सोबतची काळी मंडळी मताचा हक्क मागायला त्याच्याकडे गेली तर त्यांनाच लांबलचक व्याख्यान देऊन परत पाठवलं. त्याच वर्षी मेम्फिस आणि न्यू ऑर्लिन्सला काळ्या लोकांच्या कत्तली झाल्या. म्हणजे खाली मलमल पसरली जात होती तेव्हा वरच्या ऑफिसात या सह्या होत होत्या.

आणि ग्रीनव्हिलच्या त्या घरात गुलाम होते. १८४३ला जॉन्सनने डॉली नावाची मुलगी लिलावात विकत घेतली, नंतर तिचा भाऊ सॅम. मार्था तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. मार्थाला घर चालवायचं शिकवलं ते आईने, पण त्या घरातलं दळणवाटण, चूल, धुणं कुणी केलं? आपण घरकामाला मान द्या म्हणतोय तर डॉलीचं नावही या धाग्यात हवं. मी स्वतः ज्या समाजातून येते तिथे आमच्या आज्यांनी दुसऱ्यांच्या वाड्यावर असंच आयुष्य काढलं आणि त्या वाड्यांचा इतिहास लिहिला गेला तेव्हा त्यांची नावं आली नाहीत. म्हणून लिहिलं.

केवडा

चांदणवेल, रागावत नाही, उलट मी हे पहिल्याच पोस्टमधे लिहायला हवं होतं. मी दोषीचं मत टाकलं ते याचसाठी. बाबा म्हणत होते कायद्याच्या चौकटीत तो सुटायला हवा होता, मी म्हणत होते कायदा बाजूला ठेवा, त्या माणसामुळे लाखो लोकांना मिळायचं ते मिळालं नाही.

डॉलीबद्दल तिथे पाटी आहे, सॅमबद्दलही. ८ ऑगस्ट १८६३ला जॉन्सनने घरातल्या गुलामांना मुक्त केलं, आणि पूर्व टेनेसीत ८ ऑगस्ट हा मुक्तीचा दिवस म्हणून आजही साजरा होतो, तो सुरू करण्यात सॅमचा पुढाकार मानतात. डॉलीचा मुलगा विल्यम १८५८चा, तो १९४३पर्यंत जगला. १९३७ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने त्याला वॉशिंग्टनला बोलावून चांदीच्या मुठीची काठी दिली. राष्ट्राध्यक्षाच्या घरात गुलाम म्हणून जन्मलेला माणूस म्हातारपणी राष्ट्राध्यक्षाच्या समोर बसला.

मार्थाने वडिलांच्या राजकारणाबद्दल काय मत धरलं असेल यावर मी बोलणार नाही. ती त्यांच्यामागे ठाम उभी राहिली एवढं खरं. मला तिचं काम मोठं वाटतं आणि त्या कामाने ज्याला आधार मिळाला त्याचं राजकारण मला चुकीचं वाटतं. दोन्ही खरं आहे आणि मी ते एकत्रच घेऊन बसलेय गेले तीन आठवडे.

चांदणवेल

धन्यवाद गं. विल्यमचं माहीत नव्हतं.

इतिहासवेडा

+१ दोघींना. चर्चा अशीच व्हावी.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांच्या मनात असेलच, तीन मूर्ती भवनात नेहरूंच्या घरी इंदिरा गांधी हेच करत होत्या, पाहुणे, दौरे, जेवणं. पण त्या स्वतः राजकारणात होत्या आणि पुढे पंतप्रधान झाल्या म्हणून ती वर्षं लोक तयारीची वर्षं म्हणून मोजतात. तसंच पेरूत, फुजिमोरी राष्ट्राध्यक्ष असताना आईवडिलांचं बिनसलं आणि १९९४ला केइको फुजिमोरी १९व्या वर्षी प्रथम महिला झाली, तीही पुढे स्वतः निवडणुकांना उभी राहिली. मार्था पुढे काहीच झाली नाही, घरी परत गेली. म्हणून तिचं नाव मागे पडलं असं मला वाटतं.

सुईदोरा

पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या. मी नोकरी सोडली. त्या काळात मिस्टरांच्या ऑफिसची माणसं घरी जेवायला यायची, मी वरण उतरवून आत जाऊन डायपर बदलून हात धुऊन परत येऊन वाढायची आणि लोक म्हणायचे वहिनी तुमच्या हाताला चव आहे. एका ठिकाणी परत नोकरीसाठी गेले तर समोरच्याने विचारलं ही सहा वर्षं तुम्ही काहीच केलं नाही का. मी त्याला काही उत्तर देऊ शकले नाही. आज केवडाताईंनी लिहिलेली मलमल वाचली आणि रडले. पुढचं लिहा, एलायझा कधी खाली आली का?

केवडा

सुईदोरा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. ते सहा वर्षांचं वाक्य ज्याने विचारलं त्याला मीही उत्तर देऊ शकले नसते, घशातच अडकलं असतं.

हो, आली. अगदी मोजक्या वेळा. १८६६च्या ऑगस्टमधे हवाईची राणी एमा आली होती तेव्हा, आणि दुसरी वेळ २९ डिसेंबर १८६८, जॉन्सनचा ६०वा वाढदिवस. तोवर सगळं संपत आलेलं, निवडणूक ग्रँट जिंकलेला, मार्चमधे घर सोडायचं. आणि या लोकांनी पार्टी ठेवली ती लहान मुलांची. वॉशिंग्टनच्या जवळजवळ चारशे मुलांना आमंत्रणं. ग्रँटने स्वतःच्या मुलांना पाठवलं नाही इतकं वितुष्ट होतं. पण बाकीची आली, नाच शिकवणाऱ्या गुरुजींचे विद्यार्थी नाचले, खेळ झाले, केक आइस्क्रीम. त्या दिवशी एलायझा खाली आली आणि खुर्चीत बसून राहिली, पाच नातवंडं त्या गर्दीत.

मला वाटतं त्या चार वर्षांतली ही एकच पार्टी अशी असेल जिथे मार्थाला कुणाच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघत उभं राहावं लागलं नाही. आणि आई खालच्या मजल्यावर होती.

रानपाखरू

माझ्या आजेसासूबाई मिरजेच्या वान्लेस सॅनेटोरियममधे होत्या, त्यांच्या मुलीने म्हणजे माझ्या आत्तेसासूबाईंनी घर सांभाळलं, लग्नही उशिरा झालं. त्या आता ८४ वर्षांच्या आहेत. उद्या फोन करून विचारते. कधी विचारलंच नाही.

पुढे काय झालं मार्थाचं?

केवडा

नक्की विचार, आणि ऐकता ऐकता लिहूनही ठेव.

४ मार्च १८६९. जॉन्सन ग्रँटच्या शपथविधीला गेलाच नाही, दुपारी बारापर्यंत टेबलाशी बसून कागद हातावेगळे करत होता, मग सगळे निघाले. ग्रीनव्हिलला आले. त्याच वर्षी मार्थाचा भाऊ रॉबर्ट गेला, त्याला दारूने पोखरलं होतं, व्हाइट हाऊसमधेही त्याची काळजी होतीच. १८७५ला जॉन्सन सिनेटवर निवडून गेला, राष्ट्राध्यक्ष होऊन गेल्यावर सिनेटर झालेला तो एकटाच, पण काही महिन्यांतच ३१ जुलैला मेरीच्या घरी असताना गेला. एलायझा त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, १५ जानेवारी १८७६ला, मार्थाच्या घरी. म्हणजे शेवटपर्यंत आई तिच्याकडेच. पुढे धाकटा भाऊ गेला, मेरी गेली, १८९१ला नवरा गेला. पाच भावंडांत मार्था एकटी उरली आणि १० जुलै १९०१ला गेली, बहात्तर वर्षांची.

जॉन्सनला अमेरिकेच्या झेंड्यात गुंडाळून आणि डोक्याखाली घटनेची प्रत ठेवून पुरलंय. गावाबाहेरची टेकडी आहे, वर मोठा खांब आणि त्यावर गरुड. ती टेकडी सरकारकडे जावी अशी सोय मार्थाने मृत्युपत्रात केली, १९०६ला ती राष्ट्रीय दफनभूमी झाली, आता तिथे चहूबाजूंनी सैनिकांच्या पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत. मार्थाही तिथेच आहे.

आम्ही टेकडीवर गेलो तेव्हा चार वाजले होते. आईचे गुडघे दुखतात तरी ती वर चढली. जॉन्सनच्या खांबापाशी बाबा आणि मुलगा फोटो काढत होते. आईने मला मार्थाचं नाव कुठे आहे ते दाखवायला लावलं, तिला इंग्रजी अक्षरं सावकाश वाचता येतात, तिने एकेक अक्षर लावून नाव वाचलं. पर्समधे देवळासाठी म्हणून आणलेली सुकत आलेली मोगऱ्याची चार फुलं होती, ती तिथे ठेवली. मग म्हणाली, चल, चहा घेऊ कुठेतरी, आज मी बसणार आणि तू आणून दे.

मुक्काम पोस्ट आजरा

ताई, आईंना सांगा आज्र्याला या. दूध काढल्यावर पहिला कप त्यांना.

सुईदोरा

केवडाताई, आईंचं नाव नका सांगू पण त्या नववीनंतर पुढे शिकल्या का?

केवडा

हो. माझी दहावी झाली त्याच वर्षी तीही बाहेरून दहावीला बसली. मराठीत ७१ मार्क. मार्कशीट अजून कपाटात साड्यांखाली आहे.